फिरतीच्या वाटेवरचे पक्षी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नोकरी लागल्यापासून दुर्बीण कपाटात गेली, शनिवार-रविवारची भटकंती सुटली आणि आता महिन्यातले निम्मे दिवस तालुक्याच्या गावातल्या लॉजवर जातात, असं लिहिलंयस. शेवटी विचारलंयस, की फिरतीच्या नोकरीत छंद टिकतो का. तुझ्याच सहकार खात्यात, तुझ्याच लेखापरीक्षणाच्या कामात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून ठामपणे सांगते. पक्षी बघायला फिरतीसारखी नोकरी नाही. मात्र आजवर तू ज्या पद्धतीनं पक्षी पाहिलेस, ती पद्धत सोडावी लागेल.

कॉलेजात तुमचा ग्रुप गाडी ठरवायचा, पहाटे उजनी धरणाच्या काठचं भिगवण गाठायचा, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचा, फोटो काढून दुपारी पुण्यात परत. पुढच्या वेळी दुसरं ठिकाण, दुसरा पक्षी. त्यात गैर काही नाही. पण फिरतीवर तसं जमत नाही, आणि जमवायला जाऊही नकोस. लेखापरीक्षकाला कुठल्या गावी जायचं ते पक्षी ठरवत नाहीत, कामाच्या वाटपाची यादी ठरवते. सांगोला आला तर सांगोला, बार्शी आली तर बार्शी. तेव्हा जे गाव वाट्याला येईल, तिथे सकाळी दीड तास जे दिसेल ते बघायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच गावी गेलीस की त्याच जागी पुन्हा बघायचं. हे "पुन्हा" फार मोलाचं आहे. हौशी माणूस प्रसिद्ध तळ्यावर वर्षातून एकदा जातो. तू आडगावच्या पाझर तलावावर दरवर्षी त्याच महिन्यात जाशील, आणि तिथे तुझ्याआधी कुणी वही घेऊन उभं राहिलेलं नसेल.

आपल्या कामाचा हंगामही बघ. सहकारी संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या चार महिन्यांत लेखापरीक्षण उरकायचं असतं. म्हणजे एप्रिल ते जुलै तू बाहेरच. पक्षी बघणारे बहुतेक लोक हिवाळ्यात फिरतात आणि उन्हाळ्यात दुर्बीण ठेवून देतात, कारण पाहुणे पक्षी परत गेलेले असतात आणि ऊन सोसवत नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी पक्ष्यांचा संसार याच दिवसांत चालतो.

टिटवीचंच घे. पंढरपूरकडच्या एका दूध संस्थेच्या मागे मुरमाड पडीक रान होतं. मे महिना, दहा वाजताच जमीन तापलेली. टिटवीनं तिथे उघड्यावर चार अंडी घातली होती, मुरमाच्याच रंगाची, नजर हलली की पुन्हा सापडायची नाहीत अशी. नर-मादी पाळीपाळीनं बसत होती. एक उठायची, दूध संकलनाच्या हौदातून वाहून साचलेल्या पाण्यात जाऊन पोट बुडवायची, पिसं नीट भिजेपर्यंत थांबायची आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसायची. त्या उन्हात अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. सचिव दप्तर काढेपर्यंत मी खिडकीतून हे बघत होते, त्यासाठी कुठल्याही अभयारण्याचं तिकीट लागलं नाही. असं काही दिसलं तर जवळ जाऊ नकोस, कुणाला बोट करून दाखवू नकोस. तू उभी राहशील तेवढा वेळ अंडी उन्हात पडतात.

आणि जूनमध्ये चातक. आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे येणारा हा काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी तुझ्या गावी पहिल्यांदा कुठल्या तारखेला दिसला, एवढं एक जरी दरवर्षी लिहून ठेवलंस तरी ती कामाची नोंद आहे. पावशा तर बघावाही लागत नाही, "पेरते व्हा" शेतकऱ्याच्याही कानावर असतं. कोकणात बदली झाली तर मेच्या शेवटी-जूनमध्ये पहाटे लवकर उठ. चिपळूण-संगमेश्वरच्या बाजूला नवरंग आलेला असतो. दिसायला लाजरा, पण उजाडताना आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो, ती एकदा ओळखीची झाली की लॉजच्या खोलीत बसून त्याची नोंद करता येते.

आता व्यवहाराचं.

दुर्बीण आठ बाय बत्तीसची किंवा आठ बाय बेचाळीसची घे. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं, दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहापट किंवा त्याहून जास्तीच्या मोहात पडू नकोस, हात हलला की चित्र हलतं, आणि तुझ्या पिशवीत लॅपटॉप, शिक्के, फायली असं आधीच वजन आहे. कॅमेरा घरी ठेव. निदान पहिली दोन वर्षं. कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी बघत नाही, फोटो कसा आलाय ते बघतो. वेडा राघू तारेवर बसलेला हजार जणांनी टिपलाय. पण तो मधमाशी पकडून तारेवर परत येतो, ती चोचीत धरून तारेवर आपटतो, शेपटाकडची बाजू घासघासून नांगी काढून टाकतो आणि मगच गिळतो, हे किती जणांनी थांबून पाहिलंय? एसटी स्टँडावर गाडीची वाट बघतानासुद्धा हे दिसतं.

वेळ सकाळी सहा ते साडेसात. संस्थेचं दार दहाच्या आत उघडत नाही, तेव्हा आंघोळ, नाष्टा धरून हा वेळ पूर्ण तुझा. संध्याकाळवर भरवसा ठेवू नकोस, कीर्द-खतावणीचा मेळ लागला नाही तर संध्याकाळ संपते. आणि कामाच्या वेळेत एक मिनिटही पक्ष्यांना देऊ नकोस. छंदापायी अहवालात त्रुटी राहिली तर नाव तुझं खराब होतं.

जागा निवडताना आधी सुरक्षितता, मग पक्षी. शाळा-कॉलेजचं मैदान, गावतळ्याचा बांध, जिथे सकाळी फिरायला येणारी माणसं असतात ती जागा. कालव्याच्या कडेनं एकटी लांबवर जाऊ नकोस, तिथे कितीही चांगला पक्षी असला तरी. लॉजच्या मॅनेजरला कुठे जातेस ते सांगून जा, घरी लोकेशन पाठवत जा. ओळखपत्र खिशात ठेव. दुर्बीण घेऊन उभी असलेली परकी बाई बघितली की लोक चौकशी करतात, आणि ते बरोबरच आहे. घरांच्या दिशेनं दुर्बीण चुकूनही रोखू नकोस. धरणाच्या भिंतीवर तर बाहेर काढूच नकोस, तिथे पहारा असतो. कुणी विचारलं तर दुर्बीण त्यांच्याच हातात दे आणि समोरचा खंड्या दाखव. म्हातारी माणसं मग आपणहून बोलायला लागतात, कुठला पक्षी पूर्वी यायचा, आता येत नाही, कधीपासून येत नाही. तेही वहीत लिही, सांगणाऱ्याचं गाव आणि तारीख घालून.

एक गोष्ट मात्र नीट ऐक, कारण ही तुझ्या वरिष्ठांपैकी कुणी सांगणार नाही. तुला पक्ष्यांचा नाद आहे हे गावात दोन दिवसांत कळतं. मग संस्थेचे चेअरमन म्हणतात, "मॅडम, चला, आपली गाडी आहे, उजनीच्या पाण्यावर बोटीतून फिरवून आणतो." प्रेमानंच म्हणतात, बहुतेक वेळा. जायचं नाही. ज्या संस्थेचं दप्तर तपासतेस तिची गाडी, तिची बोट, तिचं जेवण घेतलं की दुसऱ्या दिवशी कर्जाच्या फायलीवर शेरा मारताना हात अडखळतो. अडखळला नाही तरी लोक अडखळला म्हणणारच. हसून नाही म्हण, आणि लेखापरीक्षण संपून अहवाल सादर झाला, की स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या पैशानं, सोलापूर-पुणे गाडीनं भिगवणला उतर. तिथले मच्छीमारच बोटीतून नेतात, त्यांना त्यांचे पैसे दे. तेव्हा जाताना पाण्याची पातळी आधी बघ. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर रोहितांना उभं राहायला उथळ चिखल मिळत नाही. पाणी सोडायला लागले, काठ उघडे पडले, की मग त्यांचे थवे दिसतात. म्हणून हिवाळ्याची अखेर बरी.

नोंदींचं सांगते. वही हवीच, पण ती घरात राहते. म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंद कर. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेनं २००२ साली सुरू केलेली ही सोय फुकट आहे. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती चाललीस, आणि दिसलेले सगळे पक्षी. सगळे, म्हणजे कावळा, साळुंकी, पारवा धरून. नुसता दुर्मीळ तेवढा लिहिला तर बाकीच्यांचं काय चाललंय ते कधीच कळत नाही. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता, आणि तो ३० हजारांहून जास्त निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा होता. त्यातले बहुतेक लोक तुझ्या-माझ्यासारखे नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त. विजेच्या तारेवर सर्रास दिसणारा नीलपंख मोठ्या प्रमाणात घटतोय, हे अशाच साध्या याद्यांमधून लक्षात आलं. सोलापूर जिल्ह्याच्या आतल्या गावांतून किती याद्या जात असतील? तू जाशील तिथून जातील.

खरी नोंद म्हणजे काय, हे वन पिंगळ्याच्या हकिकतीतून समजून घे. लहानसं घुबड, १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालेलं. १८८०च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी होता, म्हणजे आपल्यासारखाच फिरतीचा माणूस. त्यानं या घुबडाचे नमुने (मारून जतन केलेले पक्षी) मिळवले आणि जागा, तारीख लिहून ठेवली. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या संग्राहकानं डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून लांबवला आणि त्यावर गुजरातमधलं मांडवी आणि १९१४ साल अशी चिठ्ठी लावून स्वतःच्या नावावर खपवला. खोटं व्हाउचर असतं ना, अगदी तसं. त्या चिठ्ठीमुळे शोध भलत्या दिशेला गेला. पामेला रासमुसेन या अभ्यासिकेनं जुने नमुने तपासून ती लबाडी उघड केली, खोटी नोंद बाजूला काढली, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वन पिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. नंतर २०१४ मध्ये तो मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही मिळाला.

म्हणून सांगते, खात्री नसेल तर पक्ष्याचं नाव लिहू नकोस. "शिकारी पक्षी, ओळखला नाही" असं लिहिलेलं चालतं. शेजारच्या तालुक्यात दिसला म्हणून इथेही असेल, असं लिहिलेलं चालत नाही. शिल्लक मोजल्याशिवाय रोख पुस्तकावर सही करत नाहीस, तेवढीच काटेकोर इथेही राहा. घुबडाची ढोली, गिधाडाचं घरटं असल्या जागा मात्र जगाला सांगू नकोस, नोंद कर पण गाजावाजा नको, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढायचा तर मुळीच नाही.

तू लिहिलंयस की लॉजच्या खोलीत रात्री एकटं वाटतं. ते मलाही ठाऊक आहे. त्यावर पक्षी हा उपाय आहे असं मी म्हणणार नाही, घरी फोन कर, मैत्रिणींशी बोल. पण उद्या सकाळी सहाला कुठे जायचं हे ठरलेलं असलं, की रात्री लवकर झोप लागते, एवढं खरं.

जानेवारीत तुझं मंगळवेढ्याला फेरलेखापरीक्षण आहे म्हणतेस. फार चांगलं. तेव्हा मालदांडी ज्वारी दाण्यात आलेली असते आणि भोरड्यांचे थवे शिवारावर उतरतात. मध्य आशियाकडून आलेला पक्षी, गुलाबी अंग, काळं डोकं. राखणदार गोफण घेऊन माळ्यावर उभा असतो, त्याच्या बाजूनंही विचार कर, वर्षाचं पीक आहे त्याचं. त्याची परवानगी घेऊन बांधावर थांब. थवा किती मोठा, एका वेळी किती उतरतात, दाणे खातात की नाकतोडेही टिपतात, गोफण फिरल्यावर किती वेळानं परततात, एवढं बघून ये. मोजायची युक्ती अशी की आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढे दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं, आणि मग थव्यात तशा किती जागा बसतात ते बघायचं. यादी केलीस की मला पाठव. माझ्या वहीत त्याच शिवाराच्या जुन्या नोंदी आहेत, त्यांची प्रत तुला देते. शेजारी शेजारी ठेवून बघू.

तुझी,
ताई