सायटिकाच्या पेशंटला सायकॉलॉजिस्टकडे कधी पाठवायचं?

प्रिय मित्रा,

तुझ्या पेशंटची माहिती दोनदा वाचली. दीड वर्षाचं दुखणं, कमरेतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ, एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधली, डिस्क (गादी) सरकलेली, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून तू व्यायाम देऊनही फरक नाही. शेवटी विचारलंयस, ‘आता सायकॉलॉजिस्टकडे पाठवू का?’

जरूर पाठव. पण सगळे उपाय थकल्यावर पाठवलंस, तर तो एकच अर्थ काढेल: ‘म्हणजे यांना वाटतं मी उगाच कण्हतोय.’ मनाचं काम पहिल्या भेटीपासून आणि तुझ्याच व्यायामाच्या खोलीत सुरू व्हायला हवं होतं. अजूनही होऊ शकतं.

मात्र त्याआधी त्याला पुन्हा नीट तपास. टाचांवर आणि चवड्यांवर चालव, पायाचा अंगठा वर उचलायला लाव, घोट्याचा रिफ्लेक्स बघ. पायातली ताकद कमी होत चालली असेल तर सर्जनचं मत घे. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे समजूत घालत बसायचं नसतं.

हे काही नसेल तर एमआरआयबद्दल बोल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबरदुखी नसलेल्या लोकांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत डिस्क फुगलेली होती आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. याचा अर्थ त्याची डिस्क निर्दोष आहे असा नाही. सायटिकात नसेच्या मुळावर दाब आणि सूज खरोखर असू शकते. पण बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आकसतो, हे त्याला कुणी सांगितलंय का? बहुधा ‘नस दबलीय, वाकू नका’ एवढंच सांगितलं असेल. हे वाक्य माणसं वर्षानुवर्षं पाळतात. दरम्यान नस आणि मज्जारज्जू इतके हळवे होतात की थोड्याशा ताणानेही कळ उठते. भीती, अपुरी झोप आणि सततची काळजी हा हळवेपणा वाढवतात. दुखणं खरंच असतं, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांग.

पुढच्या वेळी त्याला जमिनीवरची पेन्सिल उचलायला सांग आणि फक्त बघ. श्वास रोखलेला असेल, जबडा आवळलेला, एक हात मांडीवर, पाठ फळीसारखी ताठ. तो वाकण्याआधी विचार, ‘दहापैकी किती दुखेल?’ समजा तो आठ म्हणाला. मग श्वास सोडत, आधी खुर्चीच्या उंचीवरून, हळू वाकू दे. नंतर विचार, ‘प्रत्यक्षात किती दुखलं?’ पाच म्हणाला तर लगेच शाबासकी देऊ नकोस. आठ का वाटलं होतं, ते त्यालाच बोलू दे. मग थोडं खालून पुन्हा. त्या एका हालचालीत स्नायूंचाही व्यायाम होतो आणि भीतीचाही. कळ पायात आणखी खाली उतरली किंवा दुसऱ्या दिवशीही वाढलेली राहिली, तर एक पायरी मागे ये; सगळं बंद करू नकोस.

‘जमेल तेवढं चाला’ हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. बऱ्या दिवशी माणूस तासभर चालतो आणि पुढचे दोन दिवस आडवा पडतो. पंधरा मिनिटांनी कळ येत असेल तर दहा ठरव. बऱ्या दिवशीही दहाच, वाईट दिवशीही दहाच. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढव. थांबायचं ते घड्याळ बघून, दुखणं बघून नाही. वर्तन-उपचारवाल्यांनी हे १९७०च्या दशकातच मांडलं होतं. आपण फिजिओंनी उशिरा उचललं. अंथरुणाला खिळून राहण्याचं म्हणशील, तर १९९९ साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत सायटिकाच्या पेशंटना दोन आठवडे झोपवून ठेवलं होतं. हिंडत्याफिरत्यांपेक्षा त्यांना काही जास्त फायदा झाला नाही.

घरच्यांना एकदा बोलावून घे. प्रेमापोटी त्याच्या हातातली प्रत्येक पिशवी काढून घेणारी माणसं असतात. झोपेचं आणि औषधांचं त्याच्या डॉक्टरांशी बोल. गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, हेही सांग.

आणि सायकॉलॉजिस्ट? ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये चिवट कंबरदुखी आणि सायटिकासाठी शारीरिक आणि मानसिक उपचारांचा एकत्र कार्यक्रम सुचवला, शक्यतो गटात. तशी सोय जवळपास असेल तर उत्तम. नसेल तर दोघं फोनवर बोलत राहा, म्हणजे एक ‘वाका’ आणि दुसरा ‘जपा’ असं होणार नाही. निराशा खोल वाटली किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. पाठवताना म्हण, ‘माझं काम सुरूच राहील, त्यांचं त्याला जोडून होईल.’

एक छोटी गोष्ट उद्याच कर. केस पेपरवर वेदनेच्या आकड्याखाली नवा रकाना काढ: या आठवड्यात काय केलं. तुझ्या पेशंटने मुलाला शाळेत सोडणं बंद केलंय, असं तू लिहिलंयस. तिथूनच सुरुवात कर. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत नाही, कोपऱ्यापर्यंत. काय झालं ते कळव.

तुझी,
ताई