मुंबईतल्या मिठी नदीच्या गाळातून चित्रं काढून शाळेच्या प्रकल्पात प्रदूषण दाखवता येईल का?

येईल, आणि तक्त्यांपेक्षा ते जास्त बोलकं होईल. मात्र गाळ मोठ्यांनीच आणायचा, तोही हातमोजे घालून. मिठीत सांडपाणी मिसळतं, त्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जीवाणूजन्य ताप) भीती, त्यामुळे हातापायाला जखम असेल तर लांबच राहा. पावसाळ्यात तर नकोच.

खरी गंमत काळ्या गाळात आहे. सांडपाण्यातला सेंद्रिय माल कुजताना तळाचा प्राणवायू संपतो, मग तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर (गंधकाच्या क्षारांवर) जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो (सडक्या अंड्याचा वास तो हाच). लोहाशी त्याचा संयोग झाला की काळं आयर्न सल्फाइड. हा गाळ डिंकाच्या पाण्यात कालवून जाड कागदावर फासा, वास येतो म्हणून गॅलरीतच. काही दिवसांत हवेमुळे लोह गंजतं आणि काळा रंग तपकिरीकडे सरकू लागतो. रोज त्याच जागेवरून फोटो काढा, तोच तुमचा प्रकल्प.

शेजारी कमी सांडपाण्याच्या ओढ्याचा गाळ ठेवा, फरक दिसेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून मात्र काही उचलू नका.

एक सांगायलाच हवं: शिसं, क्रोमियम रंगावरून ओळखता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. ‘काळं म्हणजे विषारी’ असं फलकावर लिहू नका.

अमेरिकेत जॉन साब्रॉ हे चित्रकार बंद कोळसाखाणींतून नदीत येणाऱ्या आम्लयुक्त पाण्यातलं लोह वेगळं करून त्याचे रंग बनवतात. शिक्षकांनी शंका काढलीच, तर हे उदाहरण द्या.