वाचकांचे प्रश्न : शीर्ष तुटलेला खांब ओळखायचा कसा?

प्रश्न : ग्रीस-रोममधल्या अनेक खांबांची शीर्षे तुटलेली असतात. वेटोळी किंवा पाने दिसत नसतील, तर शैली कशी ओळखावी?

उत्तर : या खांबांच्या तीन मुख्य शैली : साध्या शीर्षाची डोरिक, वेटोळ्यांची आयोनिक आणि पानांची कोरिंथियन. शीर्ष नसेल तर आधी बुडाशी पाहा. ग्रीक डोरिक खांबाला तळखडा, म्हणजे दांड्याखालचा वेगळा दगड, नसतो. तो थेट चौथऱ्यावर उभा असतो. मग उभ्या पन्हळी मोजा. डोरिकमध्ये त्या साधारण 20, उथळ आणि शेजारच्या दोन पन्हळी धारदार कंगोऱ्यावर मिळणाऱ्या. आयोनिकमध्ये बहुधा 24, खोल, आणि मधे अरुंद सपाट पट्टी सोडलेली. जाडीही बोलते : अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराचे डोरिक खांब 10.4 मीटर उंच आणि बुडाशी 1.9 मीटर जाड, म्हणजे जाडीच्या साडेपाचपट. आयोनिक खांब सहसा आठ-नऊपट उंच, त्यामुळे सडपातळ दिसतो.

खरी अडचण आयोनिक की कोरिंथियन ही. दोन्हींचा दांडा आणि तळखडा जवळपास सारखाच असल्याने नुसत्या दांड्यावरून निवाडा करू नये. आसपास पडलेले तुकडे शोधा. कोरिंथियन शीर्षावर अकँथस या झुडपाची पाने कोरलेली असतात, त्यामुळे अशा पानाचा एक तुकडाही पुरतो. वरची तुळई शाबूत असेल तर तिच्यावरची पट्टी पाहा. तीन उभ्या दांड्यांचे ठोकळे ठरावीक अंतराने असतील, तर ती डोरिक.

रोममध्ये मात्र या खुणा फसवतात. रोमन डोरिकला बऱ्याचदा तळखडा असतो. रोममधल्या पँथिऑन या मंदिराच्या दर्शनी मंडपातले ग्रॅनाइटचे खांब कोरिंथियन आहेत, तरी त्यांना एकही पन्हळ नाही. तिथे शीर्ष पाहिल्याशिवाय बोलू नये हेच बरे.

प्रश्न : पार्थेनॉनच्या खांबांचे तुकडे चुन्याशिवाय कसे बसवले?

उत्तर : प्रत्येक गोल तुकड्याच्या मध्यभागी चौकोनी खाच कोरून लाकडी ठोकळा बसवत, आणि त्यातल्या खुंटीवर वरचा तुकडा नेमका मध्यावर आणत. कडेचा पट्टा घासून इतका सपाट करत की सांधा शोधावा लागतो. पन्हळी खांब उभा राहिल्यावर कोरत, म्हणजे त्या सांध्यावर चुकत नसत आणि तुकडे चढवताना कंगोरे उडत नसत. सिसिलीतल्या सेजेस्ताच्या अपुऱ्या मंदिराचे खांब म्हणूनच अजून गुळगुळीत आहेत.

भिंतींचे आणि तुळयांचे दगड लोखंडी पकडींनी जोडले होते. त्यांभोवती शिसे ओतलेले असल्याने पाणी शिरत नसे. 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत उघडे लोखंड वापरले गेले. ते गंजून फुगले आणि संगमरवराला तडे गेले. आताच्या दुरुस्तीत त्या जागी टायटॅनियम बसवतात.