रोहूला उवा लागल्यात, तळ्यात काय टाकू?

पादरा गावाकडच्या एका काकांनी फोटो पाठवलेत, रोहू बांबूला अंग घासतायत, मधूनच उड्या मारतायत, खाद्य तसंच पडून राहतंय, आणि कल्ल्यांमागे लाल डाग. डभोईच्या एका भाऊंनी मोबाईलवर नॉर्वेतल्या सॅल्मन माशांच्या उवांचा व्हिडिओ बघितलाय, ते विचारतायत की तीच कीड इकडे आली का आणि व्हिडिओत दाखवतात तसं पाणी बदलून जाईल का. तिसरा प्रश्न सावली गावातून आलाय, दुकानदाराने कपाशीवर मारायचं औषध दिलंय, ओतू का? तिघांना एकत्रच सांगतो.

आधी सावलीवाल्यांचं, कारण ते घाईचं आहे. नका ओतू! ऊ ही झिंग्याच्याच जातकुळीतली, त्यामुळे तिला मारणारं औषध तळ्यातलं बारीक जिवंत खाद्य म्हणजे प्राणीप्लवंग पण मारतं, आणि कटला त्याच्यावरच जगतो. डोस थोडा चुकला तर मासेच वर येतील तरंगत. झिंगे सोडले असतील तर विचारूच नका.

आता कीड. सॅल्मनची ऊ समुद्रातली, गोड्या पाण्यात ती टिकत नाही, म्हणून तिकडे मासे गोड्या पाण्याच्या जहाजात घेऊन धुतात. आपली आर्ग्युलस, ती गोड्या पाण्यातलीच, तिला पाणी बदलून काय फरक पडणार. मासा ओल्या हाताने धरून पराच्या बुडाशी, गळ्याखाली नीट बघा, मुगाच्या डाळीएवढी चपटी, जवळजवळ पारदर्शक चकती सरकताना दिसेल, पुढे दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. ती सोंड खुपसून रक्त पिते, जखमेत मग बुरशी न् जिवाणू शिरतात आणि मासे बहुतेक त्यानेच मरतात.

मिठाचं पण विचारतात लोक. बीज सोडताना टबात 2 टक्के मीठ, म्हणजे लिटरला 20 ग्रॅम, त्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवा, मासा कलंडायला लागला की लगेच काढा, हे चांगलं. पण एक एकर तळ्यात पाच फूट पाणी म्हणजे साठ लाख लिटर, तेवढ्याला 2 टक्के करायला 120 टन मीठ लागेल, काय बोलायचं त्यावर.

खरं काम अंड्यांवर आहे. मादी माशाला सोडून बांबू, दगड, पायरी अशा टणक जागी ओळीने अंडी चिकटवते. तळ्यातले जुने बांबू काढा, आणि मुद्दाम चारपाच ठिकाणी खरबरीत फळ्या उभ्या बुडवा, दर आठवड्याला काढून खरवडा, कडक उन्हात वाळवा आणि परत लावा. आपल्या गरमीत अंडी साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात, त्यामुळे आठवडा चुकवू नका. कंटाळवाणं आहे, मान्य, पण फुकट आहे.

आणि ही ऊ एका तळ्यातून दुसऱ्यात जाते कशी? नॉर्वेत उवांची पिल्लं समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत शेजारच्या फार्मवर जातात, म्हणून तिकडे नियमच आहे, उवा मोजून कळवायच्या, माशामागे सरासरी 0.5 मोठ्या माद्यांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, वसंतात तर 0.2. एका भागातले सगळे एकाच वेळी उपचार करतात. आपल्याकडे प्रवाहाचं काम आपणच करतो, एकच जाळंवाला सकाळी एका गावात ओढतो, दुपारी ओलं जाळं टेम्पोत टाकून दुसऱ्या गावात. जाळं दोन दिवस उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय तळ्यात उतरू देऊ नका, तो कुरकुर करेल, करू दे. आजूबाजूच्या तळ्यांचे ठेकेदार एकत्र बसून फळ्या आणि औषध एकाच आठवड्यात करा, नाहीतर तुमचं तळं साफ झालं तरी शेजाऱ्याचं तुम्हाला परत देईल.

औषध लागलंच तर खाद्यातून देतात, इमामेक्टिन, माशांच्या एकूण वजनावर हिशोब करून, आणि तो हिशोब मत्स्य खात्याकडून करून घ्या, विक्रीआधी किती दिवस थांबायचं ते पण तिथेच विचारा. तेच तेच औषध वारंवार नको, सॅल्मनवाल्यांनी ते इतकं वापरलं की बऱ्याच ठिकाणी उवांवर चालेनासंच झालं.

आमच्याकडे तपासायला नमुना आणताना मेलेला मासा बर्फात घालून आणू नका, मेल्यावर उवा माशाला सोडून जातात आणि आम्हाला नुसते डाग दिसतात. त्याच तळ्याच्या पाण्यात, झाकणाच्या बादलीत, दोन जिवंत रोहू सकाळी लवकर आणा.