गणितात अ-१, स्कॉलरशिपला १०० पैकी २४

प्रश्न: बाई, माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात गणिताला अ-१ होती, आम्ही पेढे वाटले. फेब्रुवारीत स्कॉलरशिपला बसवला, अप्पा बळवंत चौकातून गाईड आणून दिलं. पहिल्या पेपरात भाषेला ५० पैकी २८, गणिताला १०० पैकी २४. अपात्र. शाळा आम्हाला खोटे मार्क देते का? खासगी शाळेत घालू का?
– एक पालक, धनकवडी

उत्तर: आधी त्या २४ कडे बघू. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, म्हणजे त्याचे १२ बरोबर आले. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. डोळे मिटून गोळे रंगवले तरी बारा-तेरा बरोबर येतात. त्यामुळे याला ‘जरा कच्चा आहे’ म्हणून सोडून देता येणार नाही. कडू लागेल, पण पेढे खाऊन झालेत.

मग अ-१ आली कुठून? अ-१ म्हणजे ९१ किंवा त्याहून जास्त. पाचवीला त्यातले निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाचे: तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, चाचणी. ते वर्गाच्या बाई देतात. उरलेल्या निम्म्यांचा पेपरही त्याच तपासतात. याला खोटेपणा म्हणणार नाही मी. फळ्यावर सोडवलेलं, वहीत उतरवलेलं गणित तसंच्या तसं आलं तर तुमचा मुलगा ते करत असणार. शिवाय कमी श्रेणी दिली की बाईंच्या मागे कामं लागतात: जादा तास, त्यांच्या नोंदी, मुख्याध्यापकांचे प्रश्न, आणि शाळा सुटताना दारात उभे पालक. अ-१ दिली की कोणी काही विचारत नाही. तुम्ही तरी विचारलंत का?

वर्णनात्मक नोंदींचं तर बोलायलाच नको. ‘गणितातील संबोध स्पष्ट आहेत’ हे वाक्य तयार यादीतून अख्ख्या वर्गाच्या नावांपुढे उतरवलेलं मी पाहिलंय. त्यातल्या काहींना हातच्याची वजाबाकी येत नव्हती.

खासगी शाळेनं हे सुटणार नाही. तिथेही श्रेणी शाळाच देते, आणि भरभक्कम फी भरणाऱ्या पालकाला क-१ सांगणं त्याहून अवघड. दहावीलासुद्धा विषयामागे २० गुण शाळेच्या हातात असतात. त्यांनी काय फरक पडतो ते राज्याच्या निकालात दिसलं. २०१८ ला निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सगळी घसरण त्या २० गुणांच्या नावावर टाकायची नाही. पण २०२० ला गुण परत दिले आणि निकाल ९५.३०! (भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नव्हता, सरासरीनं गुण मिळाले, तेही त्यात धरा.) २०२१ ला बोर्डाची परीक्षाच झाली नाही, सगळं शाळांच्या मूल्यमापनावर. निकाल ९९.९५.

स्कॉलरशिपलाही ब्रह्मवाक्य समजू नका. ७५ प्रश्न, ९० मिनिटं. सावकाश वाचणारं मूल गणित येत असूनही मागे पडतं. तुमच्या मुलाचं नेमकं काय झालंय ते घरी तपासता येईल. पीएमपी बसची २० रुपयांची तीन तिकिटं काढली, शंभराची नोट दिली, किती परत येतील? असे आठ-दहा प्रश्न तोंडी विचारा. दोन दिवसांनी तशाच धर्तीचे, आकडे बदलून, कागदावर लिहून द्या आणि शेजारी बसून काहीही सांगू नका. तोंडी जमलं आणि कागदावर अडला, तर रोज मोठ्यानं वाचन करून घ्या, गणिताची शिकवणी लावू नका. तोंडीही अडला तर चौथीचं पुस्तक काढा, तिथे अडला तर तिसरीचं. जिथे सलग बरोबर येऊ लागतील तिथून सुरुवात. गाईड तूर्त माळ्यावर.

आणि शाळेत जा. भांडायला नव्हे, उत्तरपत्रिका बघायला. वर्गशिक्षिकांना श्रेणीबद्दल काही विचारू नका. ‘याला कितवीचं गणित येतं?’ एवढंच विचारा. बहुतेक बाईंना ते पक्कं ठाऊक असतं.