दरवर्षी साडेसहा हजार की एकदाच सात हजार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ६०० जीबी फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं आहेत. गुगलच्या क्लाउडवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत) २ टीबीचा प्लॅन वर्षाला ६,५०० रुपयांना पडतो, म्हणजे पाच वर्षांत ३२,५००. तेवढ्याच जागेची पोर्टेबल हार्ड डिस्क दुकानदार ७,००० ला देतोय. मग डिस्कच घ्यावी का?

हिशेबात तुम्ही एकच डिस्क धरलीत, गोची तिथेच आहे. लॅपटॉपवरून पुसून डिस्कवर टाकलेली फाइल म्हणजे बॅकअप नव्हे, ती पुन्हा एकुलती एक प्रतच. चालू डिस्क टेबलावरून पडली की आतलं हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) तबकडीला घासू शकतं. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा मिळत नाही. तो लॅबमधून काढून घ्यायला डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जाऊ शकतात. तेव्हा दोन डिस्क, १४,००० रुपये धरा. दुसरी भावाच्या किंवा आईवडिलांच्या घरी ठेवा. कोणतीही डिस्क लॅपटॉपला कायम जोडलेली नको, कारण रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर जोडलेली डिस्कही हातची जाते.

क्लाउडवर पडझडीची भीती नाही, पण ते कायमचं भाडं आहे. पैसे भरणं थांबलं की जागा फुकटच्या १५ जीबीवर येते, आणि जीमेलही त्याच जागेत असतं. मर्यादेच्या वर राहिलात तर नवे मेल येत नाहीत: बँकेचं स्टेटमेंट नाही, विम्याच्या हप्त्याची आठवण नाही. दोन वर्षं तसंच राहिलं तर फाइली काढून टाकल्या जाऊ शकतात. शिवाय फोनवर गुगल फोटोजमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तेवढंच.

माझा सल्ला वाटणीचा. जे पुन्हा मिळणार नाही (निवडक फोटो, लग्नाचे व्हिडिओ, खरेदीखताचं स्कॅन) ते १०० जीबीच्या प्लॅनमध्ये बसवा. वर्षाला १,३०० रुपये. आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असतंच, आणि सातबारा केव्हाही नव्याने काढता येतो. त्यांच्यासाठी भाडं कशाला? सगळेच्या सगळे ६०० जीबी मात्र दोन्ही डिस्कवर हवेत. पाच वर्षांचा खर्च २०,५००. बचत १२,००० ची, म्हणजे महिन्याला फक्त २०० रुपये. एवढ्यासाठी दर तीन महिन्यांनी डिस्क जोडून नव्या फाइली उतरवायच्या आणि दोन्हींची अदलाबदल करायची. हे होणार नाही असं वाटत असेल, तर सरळ ६,५०० भरा आणि सोबत एक डिस्क ठेवा. घरातले आणखी पाच जण तोच प्लॅन वापरू शकतात. सगळ्यांचे फोन भरलेले असतील तर तो महाग नाहीच.

डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या या पद्धती) फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीहून मोठा व्हिडिओ जातच नाही. कॉपी झाल्यावर चार-पाच मोठे व्हिडिओ डिस्कवरूनच चालवून पाहा. क्लाउडवर चढवताना अपलोडचा वेग बघा: २० एमबीपीएसवर १०० जीबीला अकरा तास लागतात, ६०० जीबीला जवळजवळ तीन दिवस.

आणि दोन्ही डिस्क एकदम घेऊ नका. एकाच लॉटमधल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोन्हींत असू शकतो. दुसरी महिन्या-दोन महिन्यांनी, वेगळ्या कंपनीची घ्या.