कट्ट्यावरचे प्रश्न : महाडीबीटीचा फॉर्म आणि हरवलेला पासवर्ड

प्रश्न : ताई नमस्कार, मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलीला यंदा कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली. मुलाचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म मागच्या वर्षी नेटकॅफेवाल्याने भरला, त्याचा युजरनेम पासवर्ड आमच्याकडे नाही, ओटीपी पण कॅफेवाल्याच्याच मोबाईलवर जातो. पैसे अजून आले नाहीत, बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे. आता नवीन अकाउंट काढू का? मुलीचा फॉर्म घरीच भरायचा विचार आहे. आम्ही ओपनमध्ये, उत्पन्न साडेतीन लाख.
— एक वडील, परभणी

उत्तर : दादा, नवीन अकाउंट अजिबात काढू नका. एका आधारवर एकच प्रोफाइल, दुसरं काढायला गेलात की गोंधळ आणखी वाढणार. मुलाला घेऊन त्या कॅफेत जा, त्याच्यासमोर बसून लॉगिन करायला लावा, तिथल्या तिथे पासवर्ड बदला आणि मोबाईल नंबर मुलाचा टाका. कॅफेवाला टाळाटाळ करायला लागला तर पोर्टलवर तक्रारीची लिंक आहे, शिवाय कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला भेटाच, ही माणसं असली प्रकरणं रोज बघतात.

आता पैशाचं. बँकवाले खोटं बोलत नाहीयेत, पण अर्धंच सांगतायत. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा व्हायला आधार सीडिंग करणं वेगळं, सीडिंगचा वेगळा फॉर्म बँकेत भरून द्यावा लागतो. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला राहतं, म्हणजे पोराने मध्येच सिमकार्डवाल्याकडे पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल आणि तिथे सीडिंगला हो म्हटलं असेल तर पैसे तिकडेच जाणार, तुम्ही आपले गावच्या पासबुकात एन्ट्री मारत बसणार! माय आधारच्या साइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकला की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, कुठली बँक ते पण कळतं, आधी ते बघा. शाळेत असताना काढलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर परत केवायसी करावी लागते, बऱ्याच पोरांचे पैसे तिथेही अडकतात. आणि खातं मुलाच्याच नावाचं हवं, तुमचं चालणार नाही.

मुलीचं मात्र सोपं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला अॅडमिशन असेल तर. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. हॉस्टेल, मेस यात धरू नका, त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता ही वेगळी योजना आहे, अटीत बसत असाल तर तिचा अर्ज वेगळा करायचा.

माफी आहे म्हणून फॉर्म भरायचा नाही असं मात्र करू नका, अर्ज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत जातो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कॅपचं अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, फीची पावती, रेशनकार्ड हे सगळं स्कॅन करून तयार ठेवा, फाइल्स छोट्या ठेवा नाहीतर अपलोडच होत नाही. तिचा आधारला लिंक असलेला मोबाईल जवळ हवा, तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन या, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. आणि प्रोफाइल शंभर टक्के भरलं म्हणजे फॉर्म गेला असं नाही हं! स्कीम निवडून सबमिट करायचं, अॅप्लिकेशन आयडी मिळाला की गेला समजायचं, मग त्याची प्रिंट कॉलेजला द्यायची.

प्रश्न : ताई माझा फॉर्म सेंड बॅक आलाय, म्हणजे रिजेक्ट झाला का? खूप टेन्शन आलंय.
— बीएस्सीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही गं, रिजेक्ट नाही. कॉलेजने किंवा सरकारी विभागाने काहीतरी चुकलंय म्हणून परत पाठवलाय. लॉगिन करून तुझ्या अर्जासमोरचा रिमार्क वाच, बहुतेक वेळा दाखला जुना असतो किंवा मार्कशीट पुसट आलेली असते. तेवढं बदल आणि परत सबमिट कर, नुसतं सेव्ह करून सोडू नकोस. शेवटची तारीख जवळ असेल तर आजच कर, तारीख वाढेल म्हणून वाट बघू नकोस. आणि रिमार्क कळला नाही तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारत बसू नकोस, कॉलेज किंवा विभाग, जिथून परत आलाय तिथेच जाऊन विचार.